परसातील जर्दाळू आणि बांधावरील सीताफळ

घराच्या परसात एखादे फळझाड असावे ही हौस कोणास नाही? ज्याच्या घरी आड आहे तो लिंबू, पेरू, पपई लावतो. ज्याच्या घरी आड नाही तो मोरीच्या पाण्यावर केळ किंवा शेवगा वाढवितो. झाड लावताना आपण जागा पाहतो, माती पाहतो, पाण्याची सोय पाहतो. परंतु ह्या झाडास हिवाळा कसा लागतो व किती लागतो, हा प्रश्न आपण बहुधा विचारीत नाही. तो न विचारल्यामुळे आमची अकरा वर्षे गेली, आणि आमच्या ओळखीच्या एका खातेदाराचे अर्धा एकर रान तीन वर्षे अडकून पडले. ती हकीकत आणि तिच्यातून निघणारा बोध वाचकांपुढे ठेवावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच आहे. आम्ही शेतकीशास्त्राचे पदवीधर नव्हे. महसूल खात्यात कारकुनी करण्यात आमचे आयुष्य गेले. तथापि जे घडले ते तारखेवार टिपून ठेवण्याची सवय नोकरीने लावली, तिचा येथे उपयोग झाला आहे.

हौस कशी उत्पन्न झाली

आमचा बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे दरबारी कामासाठी, सोयरिकीसाठी आणि बाजारासाठी ह्या भागातील लोकांची पावले हैदराबादेकडे वळत. आमच्या तीर्थरूपांस लहानपणी आमच्या आजोबांनी तिकडे एका लग्नास नेले होते. तेथील पंगतीत त्यांनी 'खुबानी का मीठा' खाल्ला. सुके जर्दाळू रात्रभर भिजवितात, बी काढून साखरेबरोबर मऊ शिजवितात आणि वर साय घालून वाढतात. फोडलेल्या बियांतील गर बदामासारखा वर पेरतात. त्या गोडाची चव तीर्थरूपांच्या जिभेवरून सत्तर वर्षांत उतरली नाही. म्हातारपणी ते वारंवार त्याची आठवण काढीत.

२०१३ च्या हिवाळ्यात आम्ही बीडच्या बाजारातून बीसकट सुकविलेले अर्धा किलो जर्दाळू आणले आणि घरी तो पदार्थ करविला. खाऊन झाल्यावर ताटलीत बिया उरल्या. तीर्थरूप म्हणाले, "फेकू नकोस. लावून तर पाहा. फळ आले तर पाहून जाईन." वडिलांचा शब्द मोडवेना.

जर्दाळूचे बी नुसते मातीत पेरले तर आपल्या हवेत रुजत नाही. त्यास आधी ओलसर थंडी द्यावी लागते, ही माहिती आम्ही मिळविली. बिया एक दिवस-रात्र पाण्यात भिजविल्या, त्यांचे कवच अडकित्त्याने हलकेच तडकविले, ओल्या वाळूत डब्यात घातल्या आणि डबा शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात दोन महिने ठेवला. दुधाच्या पातेल्याशेजारी मातीचा डबा पाहून घरातून पुष्कळ बोलणी खावी लागली. अखेर सात बियांस मोड आले, बाकीच्या कुजल्या. पिशव्यांतील सात रोपांपैकी उन्हाळा तिघांनी काढला, आणि त्यांतील सर्वांत जोमदार रोप २०१४ च्या पावसाळ्यात परसाच्या ईशान्य कोपऱ्यात लावले. यंदा त्यास अकरा वर्षे पुरी झाली. झाड माथ्यापेक्षा उंच आहे, पाने हिरवीगार आहेत. फळ मात्र एकही नाही.

जर्दाळू हे झाड कोणते

जर्दाळू हे नाव फारसी आहे. 'जर्द' म्हणजे पिवळा आणि 'आलू' म्हणजे आलुबुखाऱ्याच्या जातीचे फळ. बदाम, पीच, आलुबुखारा हे सर्व ह्याचे भाऊबंद होत. मध्य आशिया व चीन हे त्याचे मूळ घर मानतात. आज तुर्कस्तानात त्याचे पीक सर्वांत मोठे निघते, आणि तेथील मालात्या हा प्रांत सुक्या जर्दाळूकरिता जगभर प्रसिद्ध आहे. आपल्या देशात हिमाचल, उत्तराखंड व काश्मीर येथे तो होतो. परंतु जर्दाळूचा खरा मुलूख म्हणजे लडाख. तेथे त्यास 'चुली' म्हणतात. चैत्राच्या सुमारास पान फुटण्यापूर्वीच पांढऱ्या-गुलाबी फुलांनी झाडे भरतात, श्रावणाच्या आगेमागे फळ पिकते, आणि घरांच्या धाब्यांवर व खडकांवर पसरून ते सुकवितात. पांढऱ्या बीची 'रक्त्से कारपो' ही तेथील नामांकित जात असून तिला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

त्या मुलुखात पाऊस नाममात्र पडतो. बर्फ वितळून येणाऱ्या पाटांच्या पाण्यावर बागा जगतात. म्हणजे कोरडी हवा, निचऱ्याची खडकाळ जमीन आणि कडाक्याचा हिवाळा, ह्या तीन गोष्टींवर ते झाड पोसलेले आहे. पहिल्या दोन गोष्टी आमच्या बालाघाटावरही आहेत. म्हणूनच आमची फसगत झाली. खडक पाहिला, कोरड पाहिली आणि वाटले, हे झाड येथे होईलच होईल. तिसरी गोष्ट पाहिली नाही.

हिवाळ्याचा हिशेब

आता मुख्य मुद्दा सांगतो. थंड मुलुखातील फळझाडे शरद ऋतूत पुढील वर्षाच्या फुलांचे डोळे तयार करतात, पाने गाळतात आणि झोपी जातात. ही झोप मोडण्यास ऊब पुरत नाही. आधी थंडी पुरी व्हावी लागते. डोळ्यांत वाढ रोखून धरणारी द्रव्ये असतात, ती थंडीच्या काळात हळूहळू कमी होतात. तसे नसते, तर थंडीच्या मध्यात एखादा ऊबदार आठवडा येताच झाड फुलले असते आणि पुढच्या हिमाने सारी फुले मारली असती. झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी घातलेले हे कुलूप आहे आणि त्याची किल्ली थंडी आहे.

बागायतीचे जाणकार ह्या थंडीचा हिशेब तासांत करतात. सुमारे सात अंश सेल्सिअसच्या खाली पारा असलेला प्रत्येक तास जमेस धरावयाचा. जर्दाळूच्या बहुतेक जातींस असे चारशे ते नऊशे तास लागतात. कमी थंडीवर फळणाऱ्या निवडक जातींसही अडीचशे-तीनशे तास तरी हवेतच. आठशे तास म्हणजे सलग तेहतीस दिवस व तेहतीस रात्री होत.

हे वाचल्यावर आम्ही एक तापमापक आणून परसात टांगला आणि एक पूर्ण हिवाळा, कार्तिकापासून माघापर्यंत, दररोज पहाटे उठून वहीत आकडा लिहिला. पाटोद्यास थंडी पडत नाही असे नाही; पहाटे अंगावर घोंगडे लागते. परंतु पारा बहुतेक पहाटे दहा ते चौदांच्या दरम्यान राही. सात अंशांच्या खाली तो गेल्याच्या पहाटा एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही भरल्या नाहीत, आणि त्याही सूर्य वर येईपर्यंतच. महाबळेश्वरास वेण्णा तलावाकाठी दंव गोठल्याची वार्ता एखाद्या हिवाळ्यात येते, पण तीही एखाद-दुसऱ्या पहाटेची असते. जेथे शेकडो तासांची मागणी तेथे आमच्याकडे जमा चार-दोन तासांची. एवढी तूट कोणत्या खतपाण्याने भरून निघावी?

आमच्या झाडाची हकीकत

झाडाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. लडाखात ते एका पंधरवड्यात पाने टाकते. येथे अर्धी पाने पौषात गळतात आणि अर्धी तशीच लोंबत राहतात. फाल्गुनात शेंड्याचे दोन-चार डोळे फुटतात, खालचे झोपलेलेच राहतात. त्यामुळे फांद्या लांब व उघड्या, आणि टोकास पानांचे झुपके, असे विचित्र रूप येते. पावसाळ्यात खोडास डिंक सुटतो. वैशाखाच्या झळांत पानांच्या कडा करपतात.

आपल्याकडे लिंबू, मोसंबी, डाळिंब यांस पाण्याचा ताण देऊन बहार धरण्याची रीत आहे. तीही आम्ही करून पाहिली. मार्गशीर्षात पाणी तोडले, मुळे उघडी केली, उरलेली पाने हाताने काढली. झाडास ताण बसला, परंतु बहार आला नाही. ताणाने जागे होणारे झाड वेगळे आणि थंडीने जागे होणारे झाड वेगळे, हे त्या वर्षी ध्यानात आले. द्राक्षाचे बागायतदार छाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाइड लावतात, ते ह्यास का लावू नये, असे एकाने सुचविले. ते औषध थोडीशी तूट भरून काढील, पण मुळातच नसलेली थंडी निर्माण करणार नाही. शिवाय ते जहाल विष आहे. घराच्या परसात, जेथे मुले खेळतात व धुणे वाळते, तेथे त्याचे काम नाही.

मग २०१५ चा दुष्काळ आला. पावसाने पाठ फिरविली, आड आटले, टँकर सुरू झाले. त्याच दुष्काळात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातुरास रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे वाचकांस स्मरत असेलच. कचेरीत आम्ही टँकरच्या खेपांचे तक्ते भरीत होतो आणि घरी जर्दाळूस दररोज दोन घागरी पाणी घालीत होतो. घरातून धुण्याचे पाणी साठवून त्यास दिले जाई. एके दिवशी आमच्या कुटुंबाने विचारले, "टँकरचा हिशेब मांडता, ह्या झाडाचा कधी मांडला का?" आम्ही मांडला. दोन घागरी म्हणजे सुमारे तीस लिटर. माघ ते वैशाख हे चार महिने धरले तर एकशेवीस दिवसांचे तीन हजार सहाशे लिटर. इतके पाणी घालून ज्याची सावलीही धड पडत नाही असे ते झाड होते. परंतु तीर्थरूप दररोज सकाळी काठी टेकीत त्याच्यापाशी जाऊन डोळे निरखीत, म्हणून पाणी बंद करण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

२०१९ च्या फाल्गुनात शेंड्याजवळ पाच फुले आली. मोजून पाचच. तीर्थरूपांस तेव्हा चालवत नव्हते. त्यांस खुर्चीवर बसवून परसात नेले. त्यांनी फुले पाहिली, मुलांस फांदीस हात लावू नका म्हणून बजाविले. आठवड्याने पाचही फुले देठासह गळाली. आम्ही त्यांस ते सांगितले नाही. त्यांनीही पुन्हा विचारले नाही.

महसुली भाषेत बोलावयाचे तर गाव नमुना सात हा अधिकाराचा आणि नमुना बारा हा पिकाचा. जर्दाळूचा सात आमच्या परसात चढला. त्याचा बारा मात्र आजवर कोराच राहिला.

एका खातेदाराचा अनुभव

हे सारे आमच्या घरापुरते असते तर हसून सोडून दिले असते. परंतु चार वर्षांपूर्वी तालुक्यातील एक खातेदार आमच्याकडे आला. कलमे विकणाऱ्या एका फिरत्या माणसाने त्यास रंगीत चित्रे दाखविली होती आणि 'तिसऱ्या वर्षी फळ' असे तोंडी सांगून जर्दाळूची शंभराच्या आसपास कलमे अर्ध्या एकरात लावविली होती. ठिबकाचा खर्च, कुंपणाचा खर्च आणि सोसायटीचे कर्ज, असा बोजा झाला होता. त्यापूर्वी त्या रानात तुरीचे पीक निघत असे. तिसरे वर्ष सरले, फूल दिसेना. विक्रेत्याचा दूरध्वनी लागेना. पावतीवर झाडाच्या जातीचे नाव नव्हते, रोपवाटिकेचा परवाना क्रमांक नव्हता. असा कागद कोणत्या कचेरीत घेऊन जावा? आम्ही त्यास परसात नेऊन आपले झाड दाखविले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे आधी पाहिले असते तर!" हा लेख लिहिण्याचे कारण त्याचा तो एक उद्गार होय.

तेव्हा खरेदीपूर्वी इतके अवश्य करावे. जातीचे नाव व तीस लागणारी थंडी लेखी मागावी. परवानाधारक रोपवाटिकेचीच पावती घ्यावी. आपल्यासारख्या हवेत ते झाड फळताना कोणाच्या रानात दिसते ते स्वतः जाऊन पाहावे, चित्रावर विसंबू नये. आणखी एक सूचना अशी की, बिहारातील भागलपूरकडे 'जर्दालू' नावाचा एक नामांकित आंबा आहे. नुसत्या नावावर कलम मागविणाऱ्यास जर्दाळूऐवजी आंबा मिळावयाचा! जर्दाळूचे पान गोलसर, कडेस बारीक दाते असलेले व तांबूस देठाचे असते. आंब्याचे लांबट असते, हे ध्यानात ठेवावे.

थंड मुलुखातील कोणतेच फळ उष्ण प्रदेशात येणार नाही, असे मात्र आमचे म्हणणे नाही. हिमाचलातील बिलासपूर जिल्ह्याचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी कमी थंडीवर फळणारी 'एचआरएमएन-९९' ही सफरचंदाची जात निवडून काढली आणि ती मैदानी प्रदेशातही लावली जाऊ लागली. त्यांस २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. पीचच्याही कमी थंडीच्या जाती पंजाबच्या मैदानात फळतात. परंतु त्या प्रत्येकीमागे निवड आहे, जात आहे, नाव आहे. बाजारच्या बीपासून उगवलेले किंवा बिननावाचे जर्दाळू म्हणजे ती जात नव्हे. ज्यास केवळ हौसच भागवावयाची असेल त्याने एक रोप लावावे, पाने पाहावी आणि फळाची आशा धरू नये. आणि बी फोडून खाण्याची सवय असेल तर गोड बीच खावे. कडू बियांतील द्रव्यापासून पोटात सायनाइड हे विष तयार होते, सबब कडू बी मुलांच्या हाती देऊ नये.

बांधावर काय उभे होते

ज्या वर्षी जर्दाळूची पाच फुले गळाली, त्याच वर्षी आश्विनात आमच्या शेताच्या बांधावरील सीताफळीस नेहमीप्रमाणे फळ लागले. ती झाडे कोणी लावली नाहीत; कोणा गुराख्याने थुंकलेल्या बियांतून ती उगवली. त्यांस कोणी कधी पाणी घातले नाही, खत घातले नाही. शेळ्यासुद्धा त्यांच्या कडवट पानांस तोंड लावीत नाहीत, म्हणून ती टिकली. तीर्थरूपांस त्यांतील एक पिकले फळ फोडून दिले. ते सावकाश एकेक पाकळी खाऊन म्हणाले, "खुबानीहून हे काय वाईट आहे?" त्याच मार्गशीर्षात ते गेले.

बालाघाटाच्या डोंगरांत, धारूर, पाटोदा, आष्टी ह्या बाजूस, सीताफळाचे रान पिढ्यान्‌पिढ्या आहे. बीडच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आमच्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईस आहे आणि डोंगरातील झाडांमधून निवडलेली 'धारूर-६' ही जात तेथूनच पुढे आली. म्हणजे ज्या फळाचा अभ्यास करण्यास सरकारने आमच्या दारी केंद्र घातले, ते फळ आम्ही बांधावर टाकून दिले आणि लडाखच्या झाडास घागरी वाहिल्या.

येथे कोणी म्हणेल की जर्दाळू परका आणि सीताफळ आपले, म्हणून ही गोष्ट. तसे नव्हे. नाव सीतेचे असले तरी सीताफळाचे मूळ घर अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात आहे. समुद्र ओलांडून आलेले तेही पाहुणेच. परकेपणा हा झाडाचा दोष नव्हे. प्रश्न एवढाच की झाडाची झोप आणि आपल्या गावचे ऋतू यांचा मेळ बसतो की नाही. जर्दाळू थंडीत जगण्यासाठी झोपतो. सीताफळ कोरडीत जगण्यासाठी झोपते. पौष-माघात ते पाने गाळते, ज्या महिन्यांत आपल्या आडास पाणी नसते ते महिने निजून काढते आणि उन्हाळा सरता सरता नवी पालवी व फुले घेऊन उठते. ज्या जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरांच्या आतच पडतो, त्यास याहून सोयीचे झाड कोणते?

परसात सीताफळ कसे करावे

जमीन. हलकी, मुरमाड, उताराची जमीन उत्तम. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात. तेथे मातीचा उंचवटा करून त्यावर लावावे.

लागवड. उन्हाळ्यात दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तापू द्यावा. मृगाचा पाऊस झाल्यावर माती व दोन पाट्या कुजलेले शेणखत यांनी भरून रोप लावावे. दोन झाडांत पंधरा-सोळा फूट अंतर असावे. बीपासूनचे झाड चौथ्या-पाचव्या वर्षी फळते, कलम त्याआधी. बीपासून आईसारखेच फळ येईल अशी खात्री नाही. सबब 'बाळानगर' किंवा 'धारूर-६' यांसारख्या नावाजलेल्या जातीचे कलम घेणे बरे.

पाणी. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात आठवड्यास एक-दोन घागरी द्याव्या. पुढे झाड निजलेले असताना पाणी देऊ नये. पावसाने ओढ दिली आणि झाडावर फळ असेल, तर त्या वेळी दिलेले पाणी फळ पोसते.

छाटणी. पाने गळून गेल्यावर वाळक्या, एकमेकांवर घासणाऱ्या व आत वळलेल्या फांद्या काढाव्या. फूल मुख्यतः नव्या फुटीवर येते, म्हणून बेताची छाटणी झाडास मानवते. झाडावर काळी पडून दगडासारखी झालेली फळे राहिली असतील तर ती वेचून जाळावी. त्यांतूनच पुढील वर्षी रोग पसरतो.

फूल व फळधारणा. 'फुले लागतात पण फळ धरत नाही' अशी तक्रार बहुतेकांची असते. सीताफळाच्या फुलात प्रथम स्त्रीकेसर पक्व होतात आणि पराग मागाहून सुटतात. त्यामुळे फुलाचे स्वतःचे पराग स्वतःस उपयोगी पडत नाहीत. रानात हे काम बारीक भुंगेरे करतात. कोरड्या झळांत स्त्रीकेसर सुकतात व फूल गळते. पावसाचा दमटपणा आला की फळ धरू लागते. परसात झाडे दोन-चारच असल्याने हे काम हाताने करता येते. पहाटे पूर्ण उघडलेल्या फुलांतील पराग वाटीत झाडून घ्यावे आणि ज्या फुलाच्या पाकळ्या नुकत्याच टोकाशी विलगल्या आहेत त्यात बारीक कुंचल्याने ते चोहोबाजूंनी लावावे. आमच्या घरी हे काम नातवंडे करतात. असे धरलेले फळ चोहीकडून सारखे भरते, वाकडे होत नाही.

कीड. पिठ्या ढेकूण हा सीताफळाचा मुख्य शत्रू. तो झाडावर चढतो आणि मुंग्या त्याची पाठराखण करतात. उन्हाळ्यात बुंध्याभोवतीची माती खणून उलटवावी आणि खोडास हातभर उंचीवर प्लास्टिकची पट्टी बांधून तिला ग्रीस लावावे, म्हणजे चढण्याची वाट बंद होते. प्रादुर्भाव दिसताच निंबोळी तेल फवारावे. दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी ही उपयोगी बुरशी चांगले काम करते.

काढणी. फळाच्या डोळ्यांमधील भेगा रुंदावून पांढुरक्या-पिवळ्या झाल्या, म्हणजे 'डोळे उघडले' की फळ देठासह तोडावे. गवतात किंवा त्याच्याच पाल्यात दोन ते चार दिवसांत ते पिकते. शीतकपाटात कच्चे ठेवू नये, काळे पडते. गर शिजवू नये, कडू होतो. टिकवावयाचा असल्यास बी काढून गोठवावा. बिया मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. उवांसाठी त्यांची पूड डोक्यास लावण्याची जुनी चाल आहे, पण ती डोळ्यांत गेल्यास डोळ्यांस गंभीर इजा होते.

जे वाचक परसापुरते न थांबता बांधावर किंवा हलक्या रानात लागवड करू इच्छितात त्यांनी कृषी साहाय्यकाकडे चौकशी करावी. फळबाग लागवडीस रोजगार हमीतून १९९० पासून साहाय्य मिळत आले आहे, आणि २०१८ साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर योजनेतही सीताफळाचा समावेश आहे. सात-बाराचा उतारा आधी काढून ठेवावा, म्हणजे हेलपाटे वाचतात.

समारोप

वर सांगितलेल्या खातेदाराने गेल्या वर्षी जर्दाळूची कलमे काढून त्याच ठिबकावर सीताफळाची कलमे लावली. कर्ज फिटावयाचे आहे, फळ यावयाचे आहे. परंतु आता वाट पाहण्यास आधार आहे. आमच्या परसातील जर्दाळू आम्ही तोडला नाही. वडिलांच्या हातची ती एवढीच खूण उरली आहे. पाण्याच्या वाटपात मात्र त्याचा क्रमांक शेवटचा ठेवला आहे, आणि त्याच्या विरळ सावलीत सध्या सीताफळाच्या रोपांच्या तीस पिशव्या ठेवल्या आहेत. अकरा वर्षांत त्याचा झालेला हा पहिला उपयोग होय.

मराठवाड्यात कोणा वाचकाच्या परसात जर्दाळूस खरोखर फळ धरले असेल, तर त्याने जातीचे नाव, गावाची उंची आणि हिवाळ्यातील पाऱ्याची नोंद यांसह ह्या मासिकाकडे अवश्य कळवावे. आमचे म्हणणे खोटे ठरले तर आम्हांस आनंदच होईल. तोपर्यंत नवे झाड आणण्यापूर्वी प्रत्येकाने एक तापमापक घ्यावा आणि एक हिवाळा वहीत उतरवून काढावा, इतकीच विनंती आहे. तापमापकास पैसे थोडे लागतात. झाडास वर्षे लागतात.